गुराख्याची गाणी कोणाची?

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्या माजघरात एक लहानसा खटला उभा राहिला. फिर्यादी आमचा धाकटा पुतण्या. आरोपी अमेरिकेतील ख्यातनाम नट क्लिंट ईस्टवुड. आणि न्यायासनावर, वडीलपणाखेरीज दुसरा कोणताही अधिकार अंगी नसता, आम्ही. फिर्याद अशी, की या गृहस्थाने १९६३ साली गुराख्यांच्या गाण्यांची एक तबकडी भरून दिली, ती निखालस लबाडी होय. गुरे राखणे हा त्याचा धंदा नव्हे, ती गाणी गुराख्यांची नव्हेत आणि गाणे हे त्याचे काम नव्हे. तेव्हा तीन खोट्यांची बेरीज करून खरे कसे निघावे? पुतण्याने हल्लीच्या रीतीप्रमाणे खिशातील मोबाइल काढून त्या तबकडीतील काही गाणी आम्हांस ऐकविली आणि निकाल मागितला. निकाल आम्ही राखून ठेवला. पुढे चार ठिकाणी वाचून पाहिल्यावर आमच्या ध्यानात आले, की हे प्रकरण दिसते तितके सरळ नाही. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोणास उभे करावयाचेच झाले, तर एकट्या ईस्टवुडला उभे करून भागावयाचे नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस हा नट ठाऊक असेल तो डोळे बारीक करून, दातांत चिरूट धरून, दहा शब्दांचे काम दोन शब्दांत उरकणारा म्हणून. तो त्याचा पुढचा अवतार. तबकडी भरली तेव्हा तो तिशी ओलांडलेला, उंचापुरा, हसऱ्या चेहऱ्याचा आणि दूरचित्रवाणीवरील एका मालिकेत दुय्यम भूमिका करणारा पगारी नट होता. त्या मालिकेचे नाव ‘रॉहाइड’, म्हणजे न कमावलेले कातडे. ती सीबीएस या संस्थेने ९ जानेवारी १९५९ रोजी सुरू केली आणि १९६५ अखेरपर्यंत चालविली. टेक्सासातील सॅन अँटोनिओहून हजारो गुरांचा कळप हाकीत मिसूरी राज्यातील सेडेलिया गावच्या आगगाडीपर्यंत न्यावयाचा, एवढेच काय ते कथानक. मग वाटेत नदीचा पूर, चोर, दुष्काळ, आपसातील रुसवेफुगवे, जे सुचेल ते. तांड्याचा म्होरक्या एरिक फ्लेमिंग आणि त्याचा जरा उतावळा, पण मनाने निर्मळ असा उजवा हात रावडी येट्स, म्हणजे आपला आरोपी.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर केल्यास वाचकांनी क्षमा करावी. जन्मभर शब्दांशी खेळण्याची खोड एकदम सुटत नाही. ‘काउबॉय’ या शब्दातील इंग्रजी ‘काउ’ आणि आपल्या संस्कृतातील ‘गो’ ही एकाच प्राचीन मुळाची दोन रूपे होत. गाईंचा गोठा तो ‘गोष्ठ’. तेथे जमून केलेला संवाद ती ‘गोष्ठी’. आणि तीच घासत घासत आपल्या मराठीत ‘गोष्ट’ झाली. म्हणजे आम्ही लेकरांना रात्री सांगतो ती राजाराणीचीसुद्धा गोष्ट मुळात गोठ्यातून उठून आली आहे. अमेरिकेत तरी निराळे काय झाले? तेथेही गोठा ओस पडला आणि गोष्ट तेवढी उरली.

असो. त्या काळी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर घोडा, टोपी आणि पिस्तूल यांचा इतका सुकाळ होता, की १९५९ च्या सुमारास अशा दोन डझनांहून अधिक मालिका एकाच वेळी चालू होत्या. नट घरोघरी परिचयाचा झाला, की तबकड्यांचे कारखानदार त्याच्या दाराशी येत. मग त्याला गाता येते की नाही, हा प्रश्न गौण. ‘बोनान्झा’ मालिकेतील बाप लॉर्न ग्रीन हा मूळचा कॅनडाच्या आकाशवाणीवरील वार्ता वाचणारा. त्याने १९६४ साली ‘रिंगो’ नावाचे एक गाणे चक्क बोलून दाखविले आणि ते देशात पहिल्या क्रमांकाला गेले! ‘रॉहाइड’मध्येच वाटाड्याचे काम करणारा शेब वुली याचे एक विनोदी गाणे मालिकेच्या आधी, १९५८ साली, असेच अग्रस्थानी गेले होते. तेव्हा ईस्टवुडलाही गावयास लावले गेले यात नवल नाही. फिलाडेल्फियाच्या कॅमिओ कंपनीने त्याच्याकडून बारा गाणी म्हणवून घेतली. ही कंपनी आणि तिची भावंड पार्कवे यांची ख्याती कशाबद्दल, तर कोवळ्या पोरांनी कंबर हलवून नाचावयाच्या ‘ट्विस्ट’च्या तबकड्यांबद्दल. माळरानाशी तिचा संबंध तो एवढाच.

आता फिर्यादीतील मधले कलम आधी घेऊ, कारण तेच सर्वांत वजनदार आहे. ती गाणी गुराख्यांची आहेत काय? पुतण्या म्हणतो, नाहीत. आणि येथे आम्हांस त्याच्या बाजूने मान हलविणे भाग आहे. ‘टम्बलिंग टम्बलवीड्ज’, म्हणजे वाऱ्यावर गडगडत जाणाऱ्या वाळक्या झुडपांचे गाणे, हे त्या पश्चिमेकडील मुलखाचे जणू राष्ट्रगीत समजले जाते. ते रचले बॉब नोलनने. जन्म कॅनडातील विनिपेगचा, आणि गाणे सुचले तेव्हा तो लॉस एंजेलिसच्या श्रीमंत लोकांच्या गोल्फच्या मैदानावर त्यांच्या काठ्या वाहत होता. आणखी मौज अशी, की ते झुडूपही तेथले नव्हे! १८७० नंतरच्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियांत मिसळून ते डकोटात उतरले आणि तेथून सगळ्या देशभर गडगडत गेले. ‘मेक्सिकाली रोझ’चा कर्ता जॅक टेनी हा वाद्यवृंदवाला, तो पुढे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेला आणि साम्यवादी हुडकून काढणाऱ्या चौकशी समितीचा अध्यक्ष होऊन पुष्कळांच्या पोटावर पाय देता झाला. ‘सॅन अँटोनिओ रोझ’ हे टेक्सासच्या बॉब विल्सने १९३८ साली नाचाच्या मैफलीसाठी बांधलेले. ‘द लास्ट राउंडअप’चा बिली हिल बॉस्टनचा, सारंगीच्या जातीचे व्हायोलिन शिकलेला, मात्र तरुणपणी तो पश्चिमेत भटकून, पडेल ते काम करून आला होता, एवढे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. पण १९३३ साली ते गाणे गाजले ते न्यूयॉर्कात. ज्या ‘रॉहाइड’च्या नावावर तबकडी खपावयाची, त्या मालिकेच्या सुप्रसिद्ध शीर्षकगीताची चालसुद्धा रशियन साम्राज्यात जन्मलेल्या दिमित्री टिऑम्किनने बांधलेली. सारांश, शोधू जाता गुराखी कोठे सापडत नाही.

मग खरा गुराखी काय गात होता? हे पाहावयाचे तर तो धंदा कसा होता हे थोडे पाहिले पाहिजे. १८६५ साली अमेरिकेतील यादवी संपली तेव्हा टेक्सासात लांब शिंगांची गुरे बेसुमार माजली होती आणि त्यांना तेथे कोणी विचारीत नव्हते. उत्तरेकडील शहरांत मात्र त्याच जनावराला कितीतरी पट भाव. मध्ये शेकडो मैलांचे उघडे रान. १८६७ साली कॅन्सासमधील अॅबिलीन गावी आगगाडीचा तळ झाला आणि कळप हाकीत नेण्याचा धंदा भरभराटीस आला. एका कळपात दोन-तीन हजार गुरे आणि त्यांच्यामागे दहा-बारा माणसे. दिवसाला दहा-पंधरा मैलांची मजल, महिन्याचा पगार तीस ते चाळीस डॉलर, आणि रात्रीसुद्धा झोप अपुरी. कारण आळीपाळीने पहारा. बोलपटांतील गुराखी जितकी पिस्तुले झाडतो, तितकी झाडली असती तर खऱ्याची नोकरी पहिल्याच रात्री गेली असती. त्याला आवाजाचीच तर धास्ती. वीज कडाडली, भांडे पडले, नुसती काडी ओढल्याचा आवाज झाला, तरी बसलेला कळप एका क्षणात उठून अंधारात उधळे आणि त्याच्या टापांखाली घोडा व स्वार दोघांचाही चेंदामेंदा होई.

म्हणून तो गात असे. पहाऱ्यावरील दोन स्वार कळपाभोवती परस्परविरुद्ध दिशांनी, घोडा संथ चालवीत, फेऱ्या घालीत आणि संथच गात. माणूस कोठे आहे हे त्या आवाजाने गुरांस अखंड कळत राही आणि ती दचकत नसत. गाणे संपले तर तेच पुन्हा. शब्द आठवले नाहीत तर देवळातील प्रार्थनेची चाल घेऊन तीत वाटेल ते शब्द, क्वचित शिव्याही घालावयाच्या. श्रोत्यांची हरकत नसे. आमच्या आजीची ओवी जशी जात्याच्या फेऱ्याला बांधलेली, तसे हे गाणे घोड्याच्या पावलाला बांधलेले. त्याची परीक्षा टाळ्यांनी होत नसे. गुरे बसून राहिली, रवंथ करू लागली, की गाणे साधले.

आणि हे गाणारे कोण? बोलपटांनी जगाला शिकविले, की गुराखी म्हणजे गोरा, निळ्या डोळ्यांचा, ईस्टवुडसारखा. इतिहासकारांचा सर्वसाधारण अंदाज असा, की चारांत एक तरी गुराखी कृष्णवर्णी होता; कित्येक जण नुकतेच दास्यातून सुटलेले. शिवाय मेक्सिकन मंडळी निराळी. किंबहुना हा सारा धंदाच अमेरिकन लोक त्यांच्यापासून शिकले. दोराच्या फासाला ‘लॅसो’, गुरांच्या वाड्याला ‘रँच’, कसरतीच्या खेळाला ‘रोडिओ’ हे सगळे शब्द स्पॅनिश भाषेतून आलेले आहेत. ज्याने विद्या दिली त्याचे नाव पुसावे आणि शब्द तेवढे ठेवावेत, ही रीत एकट्या अमेरिकेचीच आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आमचा पुतण्या म्हणेल, तेच तर मी म्हणतो. ती खरी गाणी सोडून ही बाजारी गाणी कशाला? पण खऱ्या गाण्यांच्या दफ्तरात शिरले, की तेथेही काही कमी घोटाळे नाहीत. अशा गाण्यांचे पहिले पुस्तक १९०८ साली न्यू मेक्सिकोतील एस्टान्सिया या खेड्यात छापले जॅक थॉर्प याने. छोटेसे पुस्तक, अवघी तेवीस गाणी. हा थॉर्प मूळचा न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घरातला. पश्चिमेत जाऊन गुराखी झाला, घोड्यावरून गावोगाव हिंडून गाणी गोळा करीत राहिला, आणि त्या तेविसांत त्याने स्वतः रचलेली काही होती. दोनच वर्षांनी, १९१० साली, जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह निघाला. लोमॅक्स टेक्सासात वाढलेला. त्याच्या घरावरून गुरांचे कळप जात. तो सांगत असे, की तरुणपणी त्याने ही गाणी एका विद्वान प्राध्यापकास दाखविली, तेव्हा त्यांनी ती हीन आणि कवडीमोल ठरविली, आणि याने ती नेऊन जाळली. पुढे हार्वर्डच्या प्राध्यापकांनी पाठीवर थाप मारली तेव्हा त्याने तो उद्योग पुन्हा आरंभिला. (अध्यापनाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांस या हकीकतीतील पहिल्या प्राध्यापकाची भीती वाटते. आमच्या हातूनही वर्गात असे काही जळाले नसेल कशावरून?) पण याच लोमॅक्सने थॉर्पने १८९८ साली रचलेले एक गाणे, कर्त्याचे नाव न देता, लोकांचे म्हणून आपल्या संग्रहात घातले आणि थॉर्पला ते जन्मभर लागून राहिले.

त्याहून विलक्षण कथा ‘होम ऑन द रेंज’ची. लोमॅक्सने हे गाणे सॅन अँटोनिओत एका कृष्णवर्णी माणसाकडून मिळविले. तो पूर्वी कळपांबरोबर आचारी म्हणून गेलेला होता. पुढे गाणे आकाशवाणीवर गाजले, त्यात पैसा दिसू लागला, आणि १९३४ साली अॅरिझोनातील एका दांपत्याने ते आमचेच, असे म्हणून पाच लाख डॉलरांचा दावा लावला. तेव्हा वकिलांनी कसून शोध केला आणि निष्पन्न झाले ते असे, की त्याचे शब्द कॅन्सासमधील ब्रूस्टर हिगली नावाच्या एका वैद्याने १८७० नंतरच्या दशकात लिहिलेले होते. दावा निकालात निघाला. १९४७ साली कॅन्सासने ते आपले राज्यगीत केले. ज्या आचाऱ्याच्या गळ्याने ते इतकी वर्षे वाहून आणले, त्याच्या वतीने मात्र कोणीही दावा लावला नाही.

आता पुन्हा तबकडीकडे. तिच्यात एक गाणे आहे ‘डोन्ट फेन्स मी इन’. मला कुंपण घालू नका, असा त्याचा भाव. याचे मूळ कवन माँटाना राज्यात रस्त्यांच्या खात्यात काम करणाऱ्या रॉबर्ट फ्लेचर या अभियंत्याचे. पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील उंची समाजात वावरणाऱ्या कोल पोर्टरने १९३४ साली ते त्याच्याकडून २५० डॉलरांना विकत घेतले आणि त्यावरून आपले गाणे बांधले. ज्या चित्रपटासाठी हे केले तो निघालाच नाही. दहा वर्षांनी गाणे अफाट गाजले, आणि मग फ्लेचरला आपल्या नावासाठी वकील गाठावा लागला. कुंपण नको म्हणणाऱ्या गाण्याभोवतीच मालकीचे कुंपण पडले! खऱ्या गुराख्याचा धंदाही कुंपणानेच बुडाला होता. इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि दहा-बारा वर्षांत ते उघडे रान तुकड्या-तुकड्यांनी बंद झाले. त्यावर १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्याने उरलीसुरली कसर भरून काढली. म्हणजे ज्या धंद्यावर शंभर वर्षे बोलपट निघाले, तो धंदा पुरा वीस-पंचवीस वर्षेही टिकला नव्हता.

आणि १९६३ साली हे गाणे म्हणणारा नट तरी मोकळा होता काय? मालिकेच्या करारामुळे आपणास बाहेरची कामे घेऊ दिली जात नाहीत, अशी तक्रार त्याने १९६१ सालीच वर्तमानपत्रातून उघड केली होती. सुटीच्या दिवसांत मालिकेतील मंडळींबरोबर जत्रा आणि रोडिओ यांतून जाऊन लोकांपुढे गावे, एवढे मोकळे रान. तबकडीचे वेष्टन पाहावे. तिच्यावरचे नाव नुसते ‘क्लिंट ईस्टवुड’ असे नाही. ‘रॉहाइडचा क्लिंट ईस्टवुड’ असे आहे. गुराच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाने मालकाचा डाग उमटवीत, म्हणजे ते कोणाच्या कळपातले हे लांबूनही ओळखावे. आमच्या पुतण्याने ते नाव दहा वेळा वाचले असेल. पण तो डाग त्याच्या नजरेस आला नाही. आम्हांसही तो सावकाशच दिसला, आणि दिसल्यावर त्या तरुण नटाविषयी मनात जी अढी होती ती बरीचशी सैल झाली. हुकमाचा ताबेदार, मासिक पगारावरचा, दुसऱ्याचा कळप हाकणारा माणूस तो. या एका बाबतीत तरी तो खऱ्या गुराख्याच्या पंक्तीला बसतो.

पुढील वर्षी, १९६४ च्या उन्हाळ्यात, मालिकेच्या सुटीत तो स्पेनला गेला. सर्जिओ लिऑने या इटालियन दिग्दर्शकाने १५,००० डॉलर देऊन त्याला एका स्वस्तातल्या बोलपटात घेतले. त्यात त्याने गाणे तर सोडाच, बोलणेही जवळजवळ टाकले, आणि त्या मौनानेच तो जगप्रसिद्ध झाला. डाग निघून गेला. आता ‘रॉहाइड’ ही मालिकाच त्याच्या नावाने ओळखली जाते.

राहिले शेवटचे कलम, गाण्याचे. तो गवई नव्हे, हे उघड आहे. त्याने स्वतःही तसा आव आणल्याचे दिसत नाही. पण गाण्याशी त्याचा संबंध नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लहानपणापासून पियानोवर त्याचा हात. जॅझ संगीताचे वेड इतके, की १९८८ साली चार्ली पार्कर या थोर सॅक्सोफोनवादकावर त्याने सबंध चित्रपट काढला, आणि उतारवयात आपल्या कित्येक चित्रपटांचे संगीत त्याने स्वतःच दिले. १९८० साली मर्ल हॅगर्डबरोबर गायिलेले त्याचे एक गाणे ग्रामीण ढंगाच्या गाण्यांत पहिल्या क्रमांकासही पोहोचले. या तबकडीतील गळा मात्र साधा आहे. मऊ, किंचित लाजरा, वर चढताना जपून पाऊल टाकणारा. तान नाही, हिसका नाही. पुतण्याला तो बेचव वाटतो. आम्ही दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा त्यात काही गोड आहे असे वाटू लागले होते. पण वयोमानाने आम्हांस हल्ली मऊ ते सगळेच गोड लागते, म्हणून आमची साक्ष ग्राह्य धरू नये.

परवा रात्री निकाल देण्याच्या तयारीने आम्ही पुतण्यास ती गाणी पुन्हा लावावयास सांगितली. थोरल्या सूनबाई पलीकडच्या खोलीत चार महिन्यांच्या नातवास पाळण्यात घालून दमल्या होत्या. पोर संध्याकाळपासून किरकिरत होते. दोन गाणी झाली, तिसरे झाले. चौथे अर्ध्यावर आले तेव्हा पाळण्याची करकर थांबली. पुतण्याने, खटल्याचे काम पुढे चालवावे म्हणून, यंत्र बंद करण्यास बोट उचलले. तोच सूनबाई दाराशी आल्या, ओठांवर बोट ठेवले, आणि गाणे चालूच राहू द्या, अशी त्याला खूण केली.